फोटो शोधताना कॉम्प्युटर फोटो बघतच नाही



आजचा प्रश्न अगदी रोजचा आहे. लॅपटॉपवर सर्चच्या चौकटीत ‘हळद’ टाइप केलं की ‘हळदीचा खर्च’ नावाची एक्सेल फाइल लगेच समोर येते. पण बहिणीच्या हळदीचे चारशे फोटो त्याच लॅपटॉपवर पडलेत आणि त्यातला एकही येत नाही. फोनच्या गॅलरीत मात्र इंग्रजीत ‘यलो ड्रेस’ टाकलं तर त्यातले बरेचसे येतात. सोबत एखादी रिक्षासुद्धा येते, ते सोडा. मुद्दा असा की फोटो तेच, मग एकाला दिसतात आणि दुसऱ्याला नाही, हे कसं?

तर पहिली गोष्ट. तुम्ही शोधता तेव्हा कॉम्प्युटर फाइल्स उघडून बघत नाही. लाखभर फाइल्स एकेक करून उघडायच्या म्हटलं तर तुमचा चहा पिऊन, कप विसळून होईल. तो बघतो आधीच तयार करून ठेवलेली एक सूची. तोच इंडेक्स.

गावाकडे जमीन असलेल्यांना हे पटकन कळेल. सातबारा असतो गट नंबरवर. हा गट, याचे खातेदार कोण, क्षेत्र किती, पीक कोणतं. पण ‘आजोबांच्या नावावर या गावात कुठे कुठे जमीन आहे?’ असा प्रश्न असेल तर गावातले सगळे सातबारे चाळत बसायचे का? नाही ना. आठ-अ चा उतारा काढायचा. तिथे खातेदाराच्या नावावरून त्याचे सगळे गट मिळतात. माहिती तीच, फक्त उलटी मांडलेली. सर्च इंडेक्स हा कॉम्प्युटरचा आठ-अ आहे. फाइलमधले शब्द काढायचे आणि प्रत्येक शब्दापुढे तो कुठल्या कुठल्या फाइलमध्ये आहे हे लिहून ठेवायचं. तुम्ही ‘हळद’ टाइप केलं की त्या शब्दापुढची यादी काढून दाखवायची, बस.

वर्ड फाइल असो, पीडीएफ असो, त्यात शब्द असतात, त्यामुळे हे काम सरळ आहे. फोटोत काय असतं? १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. म्हणजे ३ कोटी ६० लाख आकडे. त्यात कुठेही ‘हळद’ लिहिलेलं नसतं. ‘आजी’ लिहिलेलं नसतं. आपल्याला डोळ्यांनी लगेच दिसतं म्हणून आपण गृहीत धरतो की कॉम्प्युटरलाही दिसत असेल. साध्या इंडेक्सरला त्या आकड्यांशी काही देणंघेणंच नसतं.

मग तो नोंद कशाची करतो? सगळ्यात आधी नावाची. फाइलचं नाव, ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे, आकार किती, शेवटचा बदल कधी झाला. ही माहिती फाइल न उघडताच मिळते. विंडोजवर ‘एव्हरीथिंग’ नावाचं छोटं सॉफ्टवेअर वापरून बघा, लाखो फाइल्समधून टाइप करता करता उत्तर देतं. त्याची युक्ती एवढीच, की ते डिस्कवरचा फाइल्सचा मूळ तक्ता थेट वाचतं आणि मुळात नावांवरच काम करतं.

पण आपल्या फोटोंची नावं बघा की. ‘आयएमजी’, मग तारीख, मग ‘डब्ल्यूए’ आणि चार आकडे. यात शोधणार काय?

बरं, तुम्ही कष्टाळू आहात आणि मराठीत नावं दिलीत असं धरू. ‘वऱ्हाडी मंडळी’. आता गंमत बघा. यातला तो अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका कीबोर्डवर तो खालच्या टिंबाचा वेगळा ‘ऱ’ आणि पाय मोडल्याची खूण असा जातो. दुसऱ्यावर साधा ‘र’, पाय मोडल्याची खूण आणि मागोमाग एक शून्य रुंदीचं, न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. आतले कोड वेगळे. फोल्डरचं नाव लॅपटॉपवरून दिलं आणि शोधताना दुसऱ्या कीबोर्डवरून टाइप केलं, तर समोर असलेलं फोल्डरही ‘सापडलं नाही’ म्हणून परत येऊ शकतं. सर्च लिहिणाऱ्याने हे दोन प्रकार एकच मानायची काळजी घेतली असेल तर प्रश्न नाही. नसेल तर ‘वऱ्हाडी’, ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ सगळेच गेले. इंग्रजी लिपीत नावं दिली तर ‘लग्न’चं स्पेलिंग घरातले चार जण चार प्रकारे करतात, तो वेगळाच तमाशा.

नावानंतरची पायरी जास्त कामाची आहे. फोटोच्या फाइलच्या आत, चित्राच्या आकड्यांच्या आधी, एक छोटी चिठ्ठी असते. तिला एक्झिफ म्हणतात. हे मानक जपानमध्ये १९९५ साली आलं, डिजिटल कॅमेरे नुकते बाळसं धरत होते तेव्हा. फोटो कधी काढला, कुठल्या कॅमेऱ्याने, शटर किती वेळ उघडं होतं, फोन आडवा होता की उभा, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश, हे सगळं त्या चिठ्ठीत. जेपीईजी फाइलमध्ये ही चिठ्ठी सुरुवातीलाच असते आणि ६४ केबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. म्हणून इंडेक्सरला ४ एमबीचा फोटो अख्खा वाचावा लागत नाही. दारातच चिठ्ठी वाचून तो पुढच्या घरी जातो.

विंडोजमध्ये प्रत्येक प्रकारच्या फाइलसाठी ठरलेलं असतं, की फक्त गुणधर्म नोंदवायचे की आतला मजकूरही. फोटोंच्या बाबतीत गुणधर्मच. हे गुणधर्म वाचणारा तुकडा त्या प्रकारासाठी बसवलेला लागतो. आयफोन २०१७ पासून फोटो एचईआयसी प्रकारात ठेवतो, आणि विंडोजवर त्यासाठीचं एक्स्टेंशन नसेल तर त्या फोटोची ओळख नाव आणि आकार यापुढे जात नाही.

आणखी एक खास आपल्याकडची अडचण. विंडोज ठरावीक फोल्डरच इंडेक्स करतो. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, डेस्कटॉप. आणि आपल्याकडे फोटो ठेवायची परंपरा कुठली? डी ड्राइव्ह! ‘सी उडाला तर फोटो वाचतील’ हे कॉम्प्युटर क्लासमधलं ज्ञान. ते चुकीचं नाही, पण डी ड्राइव्हवर शोधताना ती हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकते, त्याचं कारण तिथला आठ-अ कुणी बनवलेलाच नाही. सेटिंग्जमध्ये ‘सर्चिंग विंडोज’ शोधा, तिथे ‘एन्हान्स्ड’ निवडा किंवा तेवढं फोल्डर जोडा. रात्रभर चार्जरवर ठेवा. तुम्ही काम करत असताना इंडेक्सर मुद्दाम मागे हटतो, त्यामुळे त्याला मोकळा वेळ लागतो.

आता एक्झिफची खरी दुखरी जागा. व्हॉट्सॲपवरून फोटो ‘फोटो’ म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि ही चिठ्ठी निघून जाते. समोरच्याकडे पोचतो तो चिठ्ठी नसलेला फोटो. त्याच्या गॅलरीत दिसणारी तारीख ही फोटो काढल्याची नसून तो पोचल्याची असते. काकांनी गेल्या दिवाळीचा फोटो आज फॉरवर्ड केला तर तो आजचा. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते, चिठ्ठीसकट.

हे ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ प्रकरण दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवा. गारपिटीने शेतात नुकसान झालं, तुम्ही फोटो काढले आणि ते फक्त ग्रुपवर टाकून मूळ फोटो डिलीट केले, तर कुठल्या शेतातले आणि कधीचे हे सांगणारी चिठ्ठी गेली. मूळ फाइल जपा. उलट बाजूने, बाइक विकायची म्हणून अनोळखी माणसाला घराच्या अंगणातला फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवलात, तर अंगणाचे अक्षांश-रेखांशही पाठवलेत.

अक्षांश-रेखांशावरून आठवलं. चिठ्ठीत ‘अलिबाग’ असं लिहिलेलं नसतं. १८.६४ आणि ७२.८७ अशा अर्थाचे आकडे असतात. गॅलरीत ‘अलिबाग’ टाकल्यावर फोटो येतात, कारण गॅलरीच्या ॲपने मधल्या वेळात नकाशाच्या माहितीशी ताडून ‘हे आकडे म्हणजे अलिबाग’ अशी नोंद स्वतःच्या इंडेक्समध्ये करून ठेवलेली असते. लॅपटॉपच्या साध्या सर्चने तेवढे कष्ट घेतलेले नसतात. फाइल तीच, पण एका सूचीत गावाचं नाव आहे आणि दुसरीत नाही.

अँड्रॉइडवर ही सूची ‘मीडियास्टोअर’ नावाच्या डेटाबेसमध्ये असते. गॅलरीचं ॲप फोल्डर धुंडाळत बसत नाही, मीडियास्टोअरला विचारतं. आणि एखाद्या फोल्डरमध्ये ‘.नोमीडिया’ अशी नुसती रिकामी फाइल असेल तर मीडियास्टोअर त्या फोल्डरला सूचीतून वगळतो. फोटो जागेवरच असतात, फक्त गॅलरीला ते माहीत नसतात. ‘माझे फोटो गायब झाले’ असं कुणी घाबरून सांगितलं तर फोन फॉरमॅट करायच्या आधी फाइल मॅनेजरमध्ये ही फाइल आहे का बघा. लपवलेल्या फाइल्स दाखवायचा पर्याय चालू करूनच बघा, कारण टिंबाने सुरू होणारी नावं एरवी दिसत नाहीत.

बरं, ‘यलो ड्रेस’ कुठून आला? तो ना नावात होता, ना चिठ्ठीत.

इथे येतात चित्र ‘वाचणारी’ मॉडेल्स. सुरुवातीच्या पद्धतीत मॉडेल फोटो बघून ठरावीक लेबलं लावायचं. कुत्रा, केक, समुद्र. ही लेबलं शब्दच असल्यामुळे जुन्या इंडेक्समध्ये सरळ बसतात. अडचण अशी की लेबल चुकलं तर नोंदच चुकली. गूगल फोटोज २०१५ मध्ये आलं आणि त्याच वर्षी त्याने कृष्णवर्णीय माणसांच्या फोटोंना ‘गोरिला’ असं लेबल लावल्याचं उघड झालं. कंपनीने माफी मागितली आणि उपाय म्हणून काय केलं, तर ते लेबलच काढून टाकलं. त्यानंतर खऱ्या गोरिलाचा फोटोही त्या शब्दाने सापडेना! सूचीतून शब्द काढला की जगातली गोष्टसुद्धा सर्चपुरती नाहीशी होते, याचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात कडू उदाहरण.

नंतरची पद्धत वेगळी. जानेवारी २०२१ मध्ये ओपनएआयने क्लिप नावाचं मॉडेल आणलं. इंटरनेटवरच्या ४० कोटी चित्र-आणि-मजकूर जोड्यांवर ते शिकवलं होतं. ते फोटोला लेबल लावत नाही, फोटोचं रूपांतर आकड्यांच्या एका रांगेत करतं. त्याच्या एका प्रसिद्ध आवृत्तीत ही रांग ५१२ आकड्यांची आहे. आणि तुम्ही लिहिलेल्या वाक्याचंही तेवढ्याच आकड्यांत रूपांतर करतं, अशा बेताने की ‘पिवळा ड्रेस घातलेली मुलगी’ हे वाक्य आणि तसा फोटो यांचे आकडे एकमेकांच्या जवळ पडावेत. म्हणजे शोधणं म्हणजे सगळ्यात जवळचा शेजारी काढणं.

हिशोब करून बघू. प्रत्येक आकड्याला ४ बाइट धरले तर एका फोटोमागे २ केबी. २० हजार फोटोंचे ४० एमबी. तुलना करायची तर साधारण १ कोटी गुणाकार, आजच्या फोनला डोळा लवायच्या आत होणारे. महाग काम आहे ते पहिल्यांदा प्रत्येक फोटोची ती रांग तयार करण्याचं. आयफोन हे काम फोन चार्जिंगला लावून लॉक असतो तेव्हा उरकतो. म्हणून नव्या फोनवर फोटो आल्या आल्या सर्च बावळटासारखा वागतो आणि दोन-चार रात्रींनंतर शहाणा होतो. फोन बिघडलेला नसतो, सूची अर्धवट असते.

या पद्धतीचा एक स्वभाव ओळखून ठेवा. शब्दांचा इंडेक्स ‘नाही’ म्हणू शकतो. शब्द नाही, फाइल नाही, विषय संपला. जवळचा शेजारी शोधणाऱ्याला मात्र कुणीतरी सगळ्यात जवळचा सापडतोच. पुरेसं जवळ कशाला म्हणायचं, ही रेषा ॲप बनवणाऱ्याने आखलेली असते. पिवळ्या ड्रेससोबत रिक्षा येते ती अशी. आणि मॉडेलला ज्याची ओळख नाही ते जवळ येतच नाही. क्लिपला शिकवलेला मजकूर मुख्यतः इंग्रजी होता. त्याला ‘ब्राइड’ कळते, ‘मुंडावळ्या’ कळतीलच असं नाही. फोटोतला मजकूर वाचण्याचंही तेच. ॲपलने २०२१ मध्ये फोटोतली अक्षरं ओळखायची सोय आणली तेव्हा ७ भाषा होत्या, त्यात देवनागरीतली एकही नव्हती. त्या वेळी तुमच्या इंग्रजी बिलाचा फोटो शोधता यायचा, आजीच्या हातच्या पाककृतीच्या वहीचा नाही.

आता व्हिडिओ. इथे सगळ्या अडचणी दुप्पट होतात.

१० मिनिटांचा व्हिडिओ, सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे १८ हजार चित्रं. एवढी सगळी कुणी वाचत नाही. व्हिडिओत काही चौकटीच पूर्ण साठवलेल्या असतात आणि मधल्यांचा फक्त ‘आधीपेक्षा काय बदललं’ एवढा फरक ठेवलेला असतो. अर्थ लावणारी ॲप्स अशा काही निवडक चौकटी घेऊन त्यांना फोटोसारखं वागवतात. साधा इंडेक्सर त्याही घेत नाही. तो लांबी, रुंदी, कालावधी आणि तारीख घेतो आणि निघतो.

ही माहिती एमपीफोर फाइलमध्ये ‘मूव्ह’ नावाच्या कप्प्यात असते, आणि रेकॉर्डिंग करताना तो कप्पा सहसा सगळ्यात शेवटी लिहिला जातो. कारण किती वेळ चाललं हे शेवटीच कळतं! म्हणून रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी मेली तर २ जीबीची फाइल असते, आत चित्र असतं, पण ती उघडत नाही आणि सूचीत तिला कालावधीही मिळत नाही. पुस्तकाची पानं छापली आणि अनुक्रमणिका राहिली, तसं.

आणि तारखेची भानगड तर सगळ्यांनी अनुभवली असेल. या फाइल्समध्ये वेळ लिहिली जाते १ जानेवारी १९०४ पासून किती सेकंद झाले, अशी. ही ॲपलच्या जुन्या मॅकची पद्धत, क्विकटाइममधून इकडे आली. एखाद्या ॲपने ती जागा रिकामी, म्हणजे शून्य ठेवली की तुमचा कालचा व्हिडिओ १९०४ सालचा दिसतो. शिवाय मानकाप्रमाणे ही वेळ जागतिक वेळेत लिहायची असते, आणि फोटोची चिठ्ठी मात्र स्थानिक घड्याळाची वेळ लिहिते. एक्झिफमध्ये टाइमझोन लिहायला जागासुद्धा २०१६ पर्यंत नव्हती. परिणाम? १२ वाजून ३५ मिनिटांचा मुहूर्त. फोटोवर वेळ १२:३५. त्याच क्षणी सुरू केलेल्या व्हिडिओवर ७:०५. ज्या सॉफ्टवेअरने हे साडेपाच तास जोडले नाहीत, त्याच्या यादीत मंगलाष्टकं नवरदेव मांडवात यायच्या आधीच होऊन जातात. असा गोंधळ दिसला तर फाइल्सची नावं बदलू नका, तारखेत साडेपाच तास मिळवायचे एवढंच लक्षात घ्या.

व्हिडिओतलं बोलणं हा खरं तर सगळ्यात चांगला धागा आहे, कारण त्यात शब्द आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेलं ओपनएआयचं व्हिस्पर मॉडेल मराठीसकट बऱ्याच भाषांचं बोलणं लिहून देतं, कुठल्या सेकंदाला काय म्हटलं यासकट. चुका करतं, आडनावांची वाट लावतं. पण एकदा लिहिलं गेलं की पुन्हा आपला जुना आठ-अ कामाला येतो. ‘आत्याचं भाषण’ शोधता येतं. हा भाग तुम्ही ऐकण्याऐवजी वाचत असाल तर तो सर्चमध्ये सापडण्याचं कारणही तेच.

शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते आजची सगळ्यात महत्त्वाची. काही नोंदी फाइलच्या आत असतात आणि काही फक्त ॲपच्या सूचीत. कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख फाइलमध्ये आहे. विंडोजमध्ये जेपीईजी फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये, ‘डिटेल्स’खाली लिहिलेला टॅग फाइलमध्येच जातो. पण गॅलरीच्या ॲपमध्ये तुम्ही बसून चेहऱ्यांना दिलेली नावं, ‘ही पणजी, हे नागपूरचे मामा’, ही त्या ॲपच्या डेटाबेसमध्ये असतात. फोटो कॉपी करून दुसरीकडे नेले तर चेहरे जातात, नावं मागेच राहतात. गूगल फोटोजमधून सगळं एकदम बाहेर काढलं, तर प्रत्येक फोटोसोबत जेसन नावाची छोटी मजकुराची फाइल येते. लोक तिला कचरा समजून उडवतात. तुम्ही लिहिलेलं वर्णन आणि तिथे दुरुस्त केलेली तारीख त्या फाइलमध्येच असते.

जुने अल्बम स्कॅन करणाऱ्यांना हे फार लागू आहे. १९७८ च्या लग्नाचा फोटो स्कॅन केला की नोंद पडते आजच्या तारखेची, कारण स्कॅनरला आजचंच घड्याळ माहीत. त्या फोटोत कोण कोण आहे हे सांगणारं घरात बहुतेक एकच माणूस उरलेलं असतं. त्यांच्या शेजारी बसा, नावं विचारा, आणि ती फाइलच्या आतल्या टॅगमध्ये किंवा निदान फाइलच्या नावात लिहा, साल पुढे घालून. कुठलंही मॉडेल त्या फोटोत ‘नऊवारीतली बाई’ ओळखेल. ती तुमच्या आजोबांची धाकटी बहीण आहे हे त्याला कुणीतरी लिहून दिल्याशिवाय कळणार नाही.

पुढच्या भागात बघू, डिलीट केलेला फोटो नक्की कुठे जातो. भेटू!